दोन गाड्यांचं तिकीट

शाळेची जुनी मिनीबस, गॅसवर चालणारी.
लोट्याच्या गॅरेजात तिची बाकं उपटून
मी दोन बिछाने बसवले, एक शेगडी, एक बेसिन.
पिवळ्यावर पांढरा मारला दोनदा,
तरी उन्हात अजून वाचता येतं:
मुले आहेत, सावकाश.

मागे कालिंदीची आठशे.
लोखंडी दांड्याला जोडलेली, न्यूट्रलमध्ये,
चाक लॉक होऊ नये म्हणून किल्ली अर्धी फिरवून ठेवलेली.
आत कुणी नाही.
वळण आलं की तिचं स्टीअरिंग आपणहून वळतं,
जरा उशिरा,
जसं कुणी ऐकून घेऊन मग उठतं.

आंजर्ल्यात सायकलवरचं पोर ओरडलं,
"काका, मागच्या गाडीत डायवर नाय!"
लाडघरच्या उतारावर एका म्हाताऱ्याने आधी हात जोडले,
मग शिव्या घातल्या.

साडेसहाशे किलो, मी तिला निघताना सांगितलं होतं,
चढाला गॅसचा जीव जातो,
फिरायला लागलीच तर रिक्षा करू.
ती म्हणाली, "गाडी येणार नसेल तर मीही नाही."
एवढंच. आणि लोणच्याची बरणी बांधायला घेतली.

माझा पाय प्लास्टरात होता त्या वर्षी ती शिकली,
बावन्नाव्या वर्षी, खेडच्या बाजारात, गुरुवारच्या गर्दीत.
पाय बरा झाला, चाक माझ्याकडे आलं.
कसं आलं ते मला आठवत नाही.
तिला आठवत असेल.

बुरोंडीच्या चढाला बस दुसऱ्यात, मग पहिल्यात.
मागे एसटी, तिच्यामागे आंब्याचा टेम्पो,
सगळ्यांचे हॉर्न माझ्या मानेवर.
कालिंदी मागच्या काचेतून तिच्या गाडीकडे बघत बसलेली,
पोर शाळेत सोडल्यासारखी.

कोळथऱ्यात रस्ता चुकलो.
दोन्हीकडे पोफळी, पुढे कुणाचं तरी अंगण,
आणि जोडलेली गाडी मागे घेता येत नाही,
दांडा मुरडतो.
सोडवायला तासभर लागला. अंगणातल्या बाईंनी कोकम सरबत दिलं
आणि विचारलं, "ही बिघडलीय का?"
कालिंदी म्हणाली, "नाही. चांगली आहे."

दाभोळच्या धक्क्यावर तिकिटाचे परकार
दोनदा पुढे गेले, दोनदा मागे.
"एक म्हणू की दोन?"
मी म्हटलं, एकच की, बांधलेली आहे.
ती खाली उतरली, पर्स उघडली,
"दोन," म्हणाली, "सोडा ती."

पिना काढल्या. हात ग्रीसने काळे.
ओहोटी होती, फळी तिरकी लागलेली,
तिने पहिल्याच प्रयत्नात गाडी चढवली
आणि वाशिष्ठी ओलांडेपर्यंत उतरलीच नाही.
काच खाली, कोपर बाहेर,
डिझेलच्या वासात बसून राहिली.

धोपाव्याला मी दांडा घेऊन उभा,
ती शेजारून गेली.
थांबली नाही असं नाही, हळू केली.
"गुहागरला जोडू," म्हणाली. "बघू."

आता चढ आहे आणि बस हलकी,
तरी पाय सवयीने जास्त दाबला जातो.
आरशात नुसता रस्ता.
पुढे तिचा डावा इंडिकेटर
केव्हापासून लुकलुकतोय,
डावीकडे तर वळणच नाही.
मी हॉर्न दिला नाही.