गरम हवा कुठून सोडतो

हवल्लीत, इब्न खल्दून रस्त्यावर,
संध्याकाळचे सात, आणि अजून सेहेचाळीस अंश.
गाडी लावायला जागा मिळेपर्यंत
हेरंब तीनदा म्हणाला,
सोळा जीबीत भागत नाही का तुझं?
भागत होतं, मी म्हटलं.
उम्म फवाजने झुंबर बदललं, तेव्हापासून नाही.

झुंबराला नऊशे लोलक.
प्रत्येक लोलकात दिवाणखाना उलटा,
प्रत्येक उलट्या दिवाणखान्यात
पुन्हा झुंबर.
माझा जुना लॅपटॉप तिथवर गेला
आणि निळा पडला, पान लागल्यासारखा.

तीच फाइल पेनड्राइव्हवर घेऊन आले होते.
आमची आत्या स्थळ बघायला जाताना
एकच अवघड प्रश्न पदराला बांधून नेई, तशी.

दुकानात रऊफ. इजिप्तचा, नम्र, घसा बसलेला.
गेमिंगसाठी?
नाही, घरांसाठी.
किती घरं?
चौदा झाली. पंधरावं अडलंय.

पहिल्याचा पडदा देखणा, पण रंग खोटे:
माझी बिस्किटी फरशी
त्यावर आंब्याच्या साठासारखी दिसली.
दुसरा हलका, एका बोटाने उचलावा असा,
झुंबरापाशी आला
आणि विचारात पडला तो पडलाच.
तिसरा काळा, जाड, बत्तीस जीबीचा,
झाकणावर कसलासा पंजा, कीबोर्डखाली दिवाळी.
त्याचा चार्जर म्हणजे वरवंटा.

हेरंब तोवर छताकडे बघत होता,
दुकानाच्या डक्टला गळती कुठे आहे ते शोधत.
मग आला, आणि यंत्रामागे
कपाळाला लावतात तसा
उलटा हात लावून उभा राहिला.

हवा घेतो कुठून?
गरम हवा सोडतो कुठून?

रऊफने माहितीपत्रक पुढे केलं.
हेरंबने लॅपटॉपच उलटा केला.
एकोणीस उन्हाळे याने गच्च्यांवर काढलेत,
दुसऱ्यांच्या थंडाव्याचे खोके उघडून बसत.
आतली आग बाहेर टाकतं ते यंत्र टिकतं,
आतल्या आत जिरवतं ते जातं.
माणसांबद्दल त्याला विचारू नका.

दुसऱ्याच्या जाळीवर बोट ठेवून म्हणाला,
याचं तोंड खाली आहे.
उशीवर ठेवलास की गुदमरेल.
मी उशीवरच ठेवते. त्याला माहीत आहे.

चारशे तीस दिनार.
मनातल्या मनात रुपये करायचे नाहीत,
हा आमच्या घरचा नियम.
दोघांनीही केले.
रऊफने पंधरा कमी केले
आणि वर एक माऊस दिला, नको असलेला.

रात्री, फर्वानियात, चौथ्या मजल्यावर,
आमची खिडकी उघडते शेजारच्या भिंतीवर.
सॉफ्टवेअर विचारतं, सूर्य कुठे ठेवू?
मी कुवेत टाकलं. मार्च. सकाळचे दहा.
उम्म फवाजला मार्चचं ऊन आवडतं.
इथे कोणाला नाही आवडत?

पंखे सुरू झाले. गच्चीवरचा कॉम्प्रेसर
जणू टेबलावर येऊन बसला.
हेरंबला तेवढ्यात झोप लागली.
मी लोलक उजळताना बघत बसले,
डावीकडून एकेक, कूर्मगतीने,
दोन वाजून वीस मिनिटांपर्यंत.

पंखे थांबले.
तो ताडकन उठून बसला.
काय बंद पडलं?
काही नाही रे. झालं.
अंधारातच हात लांबवून
त्याने यंत्राची कूस चाचपली.
उतरलाय, म्हणाला,
आणि पुन्हा आडवा झाला.

सकाळी उम्म फवाजचा निरोप, आवाज गोड:
सुंदर आहे, पण झुंबर जरा फार होतंय का?
साधे दिवे लावून बघूया?

साध्या दिव्यांना सोळा जीबी पुरतात.
हेरंबला मी हे
अजून सांगितलेलं नाही.