हजेरी क्रमांक शून्य

चौथी ब. अडतीस मुलं, अडतीस टॅब.
पर्वतीच्या उतारावर आमची शाळा,
खिडकीतून जनता वसाहतीचे निळे पत्रे दिसतात
आणि पडद्यावर अडतीस ठिपके.
हिरवा म्हणजे पुढे, पिवळा म्हणजे बघा,
लाल म्हणजे, बाई, तुम्ही काय करताय?

प्रांजल घोडेस्वारचा ठिपका
दिवसा हिरवा, रात्री लाल.
प्रशिक्षणात सांगितलं होतं,
मूल जिथं अडतं तिथंच यंत्र पायरी ठेवतं.
यंत्रानं ठेवली, मग आणखी खालची,
दुसरीच्या वजाबाकीपर्यंत आणून सोडली पोरगी,
जी फळ्यापाशी येऊन
अपूर्णांक भाकरीसारखे मोडून दाखवते.

"बाई, हे बाळांचं गणित आहे,"
म्हणाली, आणि टॅब पालथा घातला.

मी तक्ता उघडला.
रात्री अकरा दहा ते बारा पाच.
एका उत्तराला सरासरी सत्तेचाळीस सेकंद.
सगळ्या चुका हातच्याच्या:
तीनातून आठ जात नाहीत, शेजारून एक उसना घ्यायचा,
पण घेतला हे पुढच्या घराला आठवत नाही.
खाली यंत्राचा शेरा: लक्ष विचलित. पालकांशी बोला.

बोलले.
वैजयंता मार्केट यार्डात लसूण निवडते.
चपला बाहेर काढून वर्गाच्या दारातच उभी राहिली,
नखांत साली.
"पोरगी झोपली की मी बसते, बाई.
पाचवीत नाव काढलं माझं, तिथंच राहिलं सगळं.
हिशेब मुकादम सांगतो तेवढाच.
बरोबर आलं की ते म्हणतं, शाब्बास प्रांजल.
मी म्हणते, असू दे,
प्रांजल तर प्रांजल."

पडद्यावर बटण होतं: गैरवापर नोंदवा.
त्याच्या शेजारी: नवा विद्यार्थी जोडा.
जोडायला जन्मतारीख लागते, सहा ते चौदा वर्षांतली.
वैजयंताची बसेना.

टॅब आले त्या दिवशी खोक्यातून
एक नमुना विद्यार्थीही आला होता,
आम्हा शिक्षकांना बोट धरून फिरवायला.
नाव नमुना, हजेरी क्रमांक शून्य,
सरासरीत धरत नाहीत.
त्याचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहिला
आणि प्रांजलच्या कंपासपेटीत, कर्कटकाखाली सरकवला.

महिन्यानं आढावा बैठक.
साहेबांनी अडतीस ठिपके पाहिले.
घोडेस्वार रात्रंदिवस हिरवी.
"ही सुधारणा कशी काय?"
म्हटलं, पालकसंपर्क.
चहा आला.

आता सकाळी तक्ता उघडला की
मी आधी तळाला जाते.
काल रात्री शून्यानं बारा वजाबाक्या सोडवल्या.
आठ चुकल्या. शेवटच्या चार लागोपाठ बरोबर.
त्यातल्या एकीला तीन मिनिटं लागली,
यंत्र म्हणतं, गती मंद.
मला वाटतं, मधेच उठून
तिनं पोरीचं पांघरूण सारखं केलं असेल.

एकच खटकतं.
बरोबर आलं की ते आता म्हणतं, शाब्बास नमुना.

आज नावाचा रकाना उघडला.
वै लिहिलं,
तेवढ्यात परिपाठाची घंटा झाली.
उरलेली तीन अक्षरं मधल्या सुट्टीत.