ऑफसाइड

पोलिसांनी विचारलं, दगड का मारलास बे?
साहेब, ऑफसाइड नव्हता.
एवढंच आलं तोंडात.

आता पत्र्याखाली, उकाड्यात,
दुसरी उत्तरं सुचतायत.

चोवीस वर्षं लूमवर.
तिथं ओरडलं तरी ऐकू जात नाही,
ओठ बघून समजून घ्यायचं.
मागच्या दिवाळीचा बोनस मागितला
तेव्हा मालकानं माझ्या ओठांकडे
बघितलंच नाही.

पार्क मैदानावर मी नुसतं "ए!" म्हटलं
आणि हजार माणसं "ए!" म्हणाली.
अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.
शेजारचा पोरगा, ओळख ना पाळख,
माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होता.
पलीकडून शिव्या देणारे
आमच्याच पाळीतले, विडी मागून ओढणारे.
आणि ज्यांच्यासाठी घसा फोडला
त्या आमच्या पोरांच्या पाठीवर
मालकाचंच नाव छापलेलं.

दगड कुणी दिला आठवत नाही.
वजन आठवतं.

बिराजदार सर खाली बसले, सावकाश,
फळा पुसून खुर्चीत टेकावं तसे.
शिट्टी अजून दातांत.
माझ्या नागेशला पाढे त्यांनीच शिकवले,
एकोणतिसापर्यंत.

कुणीतरी टॉवेल दाबला कपाळावर.
पांढरा, काठाला निळी पट्टी,
कोपऱ्यात एक धागा चुकलेला.
आमच्या शेडचा.
तीन नंबरचा लूम तसाच चुकतो,
कितीदा सांगितलंय.

अंबव्वा विड्या वळता वळता,
सुपातून मान वर न करता विचारते,
पण होता का हो, ऑफसाइड?

होता.
चांगला हातभर.