ताण्याचा आलेख

साखर पेठेतल्या आमच्या बोळात किती माग होते
ते नान्नांनी लिहून ठेवलंय
टॉवेलच्या पावतीपुस्तकांच्या पाठीवर:
मालक, वर्ष, चालू की बंद.
एकेचाळीस नावं.
मला प्रकल्पासाठी त्यांचं चित्र हवं होतं.

आधी वृत्तालेख केला.
भाकरीसारखा गोल, मोडायला सोपा.
पण वर्षं काही एका भाकरीचे चतकोर नव्हेत,
एक्याण्णव खाल्लं म्हणून ब्याण्णव कमी पडत नाही.
खोडला.

मग रेषालेख.
एकेचाळीसपासून चारापर्यंत
रेघ इतकी अलगद उतरली
की कुणीही म्हणावं, हळूहळू झालं.
हळूहळू काहीच झालं नव्हतं.
यमूलांचा माग एका मंगळवारी गेला,
टेम्पोतून, किलोच्या भावानं,
आणि फरशीवर तेलाचे चार डाग राहिले.
दोन बिंदू जोडायचे म्हणजे
मधलं सगळं मला ठाऊक आहे म्हणायचं.

स्तंभ उभे केले.
बुटके होत गेले, बरोबर होते,
सर छान म्हणाले असते.
फक्त यातला राजमणीचा कुठला,
हे स्तंभाला विचारता येत नाही.

नान्ना जन्मभर चौकटीच्या कागदावर जगले.
घर भरलं की धागा वर, रिकामं की खाली.
मोराच्या मानेला एकशे बारा घरं,
डोळ्याला एक.
ते चुकलं की चादरभर आंधळे मोर.

रात्री, पत्रा जरा निवल्यावर,
मी एकेका मागाला एकेक आडवी रेघ दिली.
सुरू झाला तिथून, बंद पडला तिथवर.
एकेचाळीस रेघा, एकीखाली एक,
बहुतेक कुठे ना कुठे तुटलेल्या.

नान्नांनी चष्मा कपाळावर चढवला.
वाचलं नाही काही. बोट फिरवलं,
ताण्यावरून फिरवतात तसं,
आणि सतराव्या रेघेपाशी अडले.
"लेदु."
"काय नाही?"
"गड्डमचा नऊ साली नाही बंद पडला.
रात्रपाळीला चालायचा, अकरापर्यंत.
मीच लिहायचं विसरलो."

बेरजेत ही चूक दिसली नसती.
मी पेन्सिल पुढे केली.
त्यांनी रेघ दोन घरं पुढे नेली
आणि जोडावर, हाताच्या सवयीनं,
एक बारीकशी गाठ काढली.