आडवा आठ

साडेतीन हजाराला दिला इनास डिसोजाने,
भावाने बोटीवरनं आणलेला, योकोहामाचा.
"चालता मा?" विचारलं तर म्हणाला,
"आधी वजन बघ."
वजन होतं. गळाच्या शिशासारखं,
हात खाली ओढणारं.

मुंबईच्या मेकॅनिकने फोनवर आकडा सांगितला:
साडेसहा, कुरिअर वेगळं,
पार्ट मिळाले तर.
तो "तर" मला सगळ्यात महाग वाटला.

बावीस वर्षं बर्फाच्या फॅक्टरीत ऑपरेटर आहे मी.
कॉम्प्रेसर खोकला तर झोपेत कळतं.
हे तर दोन मुठींत मावणारं यंत्र.

अंड्यांच्या ट्रेमध्ये, खड्ड्याखड्ड्यात,
काढल्या क्रमाने स्क्रू.
पुढची रिंग सायकलच्या ट्यूबचा तुकडा दाबून,
मागची पोरीच्या कंपासपेटीतल्या कर्कटकाने.
एक स्क्रू उडाला.
स्पीकरचं लोहचुंबक फिरवलं घरभर:
सात सेफ्टी पिना, एक गळ,
स्क्रू नाही. पितळेचा होता,
हे नंतर सुचलं.
तो कुंदाच्या टाचेला सापडला,
आणि तिने काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

भिंगात बुरशी, चाळीस पावसाळ्यांची,
खाडीच्या नकाशासारखी फाटे फुटलेली.
मेडिकलमधून पेरॉक्साइड, बावीस रुपये,
त्यात अमोनियाचे चार थेंब
(तो वास माझ्या घरचाच).
बुरशी गेली. तिने काच जिथे खाल्ली होती
तिथे खाडी राहिली, फिकट,
उजेडाकडे धरली तरच दिसणारी.
दाराच्या खाचेतला फोम काकवी झालेला,
तो खरवडून काळी लोकर बसवली.
स्वेटर एका बाहीवर थांबला आहे
तो त्यामुळेच.

मग राहिलं जुळवणं.
या कॅमेऱ्यात डोळा लावला की
मधल्या पिवळ्या चौकोनात जग दोनदा दिसतं.
रिंग फिरवायची, दोन्ही एकावर एक आणायची,
तेवढंच अंतर.
आणि रिंगच्या टोकाला आडवा आठ:
तिथे सगळ्यात लांबचं एक दिसलं पाहिजे.

म्हणून वेंगुर्ल्याच्या बंदरावर, अंधार पडल्यावर,
समुद्रातल्या खडकावरचा दिवा धरला.
दोन दिवे, बोटभर अंतराने.
दिवा लागतो, बघतो.
विझतो, स्क्रू केसभर फिरवतो.
लागतो, बघतो.
जाळी विणत बसलेला सोनू कुबल म्हणाला,
"काय मोजतंस रे, किती वेळा लागता ता?"
नवाच्या सुमारास दोन दिवे
एकमेकांत शिरले. मी श्वास सोडला नाही,
पुन्हा लागेपर्यंत. एकच होता.

घरी येऊन कुंदावर धरला, हातभर अंतरावरून.
दोन कुंदा.
दोघी विचारत होत्या, जेवणार कधी.

आतला दुसरा स्क्रू फिरवला, तिला एक केलं,
दुसऱ्या रात्री खडकावर पुन्हा दोन दिवे.
लांबचं जुळलं की जवळचं हलायचं,
जवळचं धरलं की लांबचं सुटायचं.
अकरा रात्री गेल्या अशा.
बाराव्या रात्री आडव्या आठावर
नेलपॉलिशचा थेंब ठेवला, स्क्रू बंद केला,
पेट्रोलचे पैसे वहीत मांडले.

रोल सातशे, धुणं नि पोस्ट साडेचारशे,
छत्तीस फोटो. क्लिकला बत्तीस रुपये.
"म्हणजे दोन बांगडे," कुंदा म्हणाली,
"मगे नीट काढ."

तिच्या शिवणाच्या पेटीतली टेप घेतली.
एक टोक माझ्या हातात, कॅमेऱ्याला टेकवून,
दुसरं तिने नाकाच्या शेंड्याला लावलं
आणि आकडा मोठ्याने वाचला: एकशे सात.
रिंगवर एकशे सात नव्हतं.
एक होतं, मग एकदम एक-वीस.
"पुढे ये थोडी," म्हटलं.
ती आली. टेपला झोळ पडला.