पान दोनशे चौदा

निपाणीत, केबलच्या हापिसात, रात्रपाळी.
जुन्या बाजारातलं फायरवॉलचं पुस्तक,
पाठीचा डिंक सुटलेला.

नियम वरून खाली वाचायचे,
पहिला जुळला की तिथंच थांबायचं.
शेवटची ओळ : उरलेलं सगळं नाकारा.

'काय वाचूलालास?' इरगोंडा विचारतो.
मी कोगनोळी नाक्याचं उदाहरण देतो :
दुधाचा टेम्पो आधी, तंबाखूचे ट्रक मागं,
रांग फुगली की शेवटचे गळतात.
'गळतात म्हंजे? जातात कुठं?'
ते पुस्तकात नाही.

समासात कुणाची तरी पेन्सिल, कन्नडमधून.
इरगोंडा चष्मा पुसून सांगतो :
'इथं दोनदा अडकलो. पुढं जा.'

पुढचं पान चिकटलेलं.
पट्टी घालून सोडवतो, हळू.
एका पोर्टचा शेवटचा आकडा
मागच्या पानावरच राहतो.