कोळंबीचा कोळसा

वेसाव्याच्या धक्क्यावर कोळंबी सोलता सोलता
सुगंधा वैती विचारते,
"टरफलांचं करतेस तरी काय गो? खत?"
मी म्हणते, वीज.
ती हसते, पिशवी काठोकाठ भरते.
पैसे घेत नाही. कचऱ्याचे कसले पैसे.

माटुंग्याला प्रयोगशाळेच्या दारात पहारेकरी नाक धरतो.
मी धुते, वाळवते, कुटते,
चिमूटभर लोहक्षार मिसळते,
आणि नळीच्या भट्टीत सरकवते
नऊशे अंशांवर, नायट्रोजनच्या संथ झुळकीत.
सकाळी निघते काळी भुकटी.
वास नाही. समुद्राची आठवणही नाही.

आमचं घर झारेकऱ्याचं.
बाबा पहाटे झवेरी बाजारात
सराफांच्या पायऱ्यांखालची धूळ झाडून आणायचे,
गटाराचा गाळ, कारागिरांच्या जुन्या चटयांची राख.
घमेल्यात पाणी हलवत बसायचे तासन् तास.
मग तेजाब, तांबूस धूर, खोकला,
आणि मुशीच्या तळाशी, नशीब असेल तर,
गुंजभर.

प्लॅटिनम का नको, त्यांनी विचारलं.
म्हटलं, बेस्टच्या बसच्या पोटात
दागिना ठेवून कसं चालेल, बाबा?
हायड्रोजनवर धावेल, मागे नुसतं पाणी सांडेल,
पण तिकीट कोणाला परवडेल?
ते म्हणाले, "जे गंजत नाही ते महाग.
स्वस्त ते गंजतं.
तू यातून मधली वाट कुठून काढणार?"
परीक्षकांनीही हेच विचारलं होतं,
जरा लांबलचक शब्दांत.

मीही तेजाबातच धुते.
सुटं लोखंड वाहून जातं;
उरतात एकेकटे अणू,
प्रत्येकाला चार नायट्रोजनांनी धरून ठेवलेलं.
तिथे ऑक्सिजन टेकतो,
चार इलेक्ट्रॉन घेतो, पाणी होऊन निघून जातो.
कधी दोनच घेतो. अर्धवट.
मग पेरॉक्साइड होतं,
ज्याने टेकायला जागा दिली त्यालाच कुरतडणारं.

एकशे बारा तास रेघ सरळ होती.
कँटीनच्या रायप्पाला मी सांगून ठेवलं,
उद्याचा सगळ्यांचा चहा माझ्याकडून.
एकशे तेराव्या तासाला ती वाकली.
आधी वाटलं, माझेच डोळे.

रात्री फोनवर बाबा बराच वेळ गप्प.
मग, "राख टाकलीस का?"
नाही अजून.
"टाकू नकोस. आणि पाणी?
गाळात नाही ते पाण्यात असतं.
आम्ही आधी पाणी बघायचो."

घटाखालच्या बाटलीत दोन बोटं पाणी होतं,
स्वच्छ, पिता येईल असं.
तपासलं. लोखंड होतं त्यात,
गुंजेच्या कोट्यंशाहूनही कमी,
पण होतं.
वहीत लिहिलं, तारीख घातली.
चहा पाजलाच रायप्पाने, उधारीवर.

मे संपत आलाय.
मासेमारी बंद व्हायच्या आत
सुगंधाकडून आणखी दोन पिशव्या आणायला हव्यात.